इंजिन कोणासाठी?



मागच्या वेळी आपण जात्यावर बोललो. तेव्हा काही जणींनी विचारलं होतं की जातं ज्याने थांबवलं, त्या यंत्राबद्दलही एकदा सांगा. म्हणून आज इंजिन. विषय ऐकून कुणीतरी म्हणेल, "ह्यो बाप्यांचो विषय, आमका त्यातला काय कळता?" पण पहाटे होडी बाहेर पडते ती इंजिनावर. मासे घेऊन आपण कट्ट्याला, कसालला, कणकवलीला जातो ते इंजिनावर. नातीला शाळेत सोडणारी स्कूटर इंजिनावर. ज्याच्या आवाजावर आपला दिवस सुरू होतो, त्याची गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी.

ही गोष्ट सांगताना मी एकच प्रश्न हातात धरणार आहे. इंजिन घडवणाऱ्याने ते घडवताना कोणाला डोळ्यांसमोर ठेवलं होतं? कारण यंत्र ज्याच्यासाठी घडतं त्याच्या उंचीचं, त्याच्या ताकदीचं आणि त्याच्या खिशाचं होतं. बाकीच्यांनी मग त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

आधी इंजिन म्हणजे काय ते घरातल्याच वस्तूंनी समजून घेऊ. चकलीचा सोऱ्या आठवा. बाहेर नळा, आत दट्ट्या. इंजिनात त्या नळ्याला म्हणतात सिलिंडर आणि दट्ट्याला म्हणतात पिस्टन. पिस्टन वर-खाली होतो. ते वर-खाली होणं गोल फिरण्यात कसं बदलतं? शिलाई मशीन बघा. पाय वर-खाली होतो आणि चाक गोल फिरतं. इंजिनात हेच काम एक वाकडा दांडा करतो, त्याला क्रँक म्हणतात.

आता पिस्टन ढकलतं कोण? आतला जाळ. पिस्टन खाली येतो तेव्हा हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं. तो वर जातो तेव्हा ते मिश्रण दाबलं जातं. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. चौथ्या खेपेला तो वर येऊन धूर बाहेर टाकतो. चार खेपा, म्हणून फोर स्ट्रोक. खरं काम त्यातल्या एकाच खेपेत होतं, बाकीच्या तीन तयारीच्या आणि आवराआवरीच्या. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला हा हिशेब समजावून सांगायला नको.

हे चार खेपांचं इंजिन जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये यशस्वी करून दाखवलं. ते मोठं, जड, एका जागी बसवलेलं यंत्र होतं, कारखान्यासाठी केलेलं. ओटो यांच्याच कारखान्यात काम केलेल्या गॉटलिब डायमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पुढे ते लहान आणि हलकं केलं आणि १८८५ मध्ये एका लाकडी दुचाकीवर बसवलं. ती आजच्या मोटारसायकलची पणजी. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं. तिच्यात एकच सिलिंडर होतं आणि ताकद एका अश्वशक्तीहूनही कमी.

इथे एका बाईचं नाव घ्यायलाच हवं. बर्था बेंझ, कार्ल यांची बायको. लग्नात मिळणारा पैसा तिने लग्नाआधीच नवऱ्याच्या धंद्यात घातला होता. गाडी तयार झाली, पेटंट नवऱ्याच्या नावावर झालं, पण गाडी विकत घ्यायला लोक धजेनात. हे यंत्र रस्त्यावर टिकेल यावर कोणाचा विश्वासच नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन गाडीतून निघाली. मानहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी, साधारण शंभर किलोमीटर. इंधन संपलं तेव्हा तिने औषधाच्या दुकानातून ते विकत घेतलं, कारण पेट्रोल पंप नावाची गोष्टच नव्हती. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर गाडी दमायची, मग मुलं उतरून ढकलायची. घरी आल्यावर तिने सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. आज करूळ घाट किंवा आंबोली घाट चढताना आपण खालचा गिअर टाकतो, तेव्हा बर्थाची आठवण ठेवायला हरकत नाही. रस्त्यावर जाऊन गाडीची पहिली खरी परीक्षा घेणारी ती होती.

दुसरं नाव रुडॉल्फ डिझेल यांचं. त्यांनी ठिणगीच काढून टाकली. सायकलला पंपाने हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा दाबली की तापते. डिझेल यांनी ती इतकी दाबली की तिच्यात तेल सोडताच ते आपोआप पेटावं. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग गावी हे इंजिन चालून दाखवलं. ते जड होतं, पण थोड्या तेलात जास्त काम करत होतं. म्हणून ट्रक, बस, मोठ्या होड्या आणि विहिरीवरचे पंप डिझेलकडे गेले, तर हलकी दुचाकी पेट्रोलवर राहिली.

तिसरी गोष्ट आपल्या दर्यावर्दी माणसांना जवळची. होडीच्या मागच्या बाजूला अडकवायचं इंजिन, ज्याला आपण आउटबोर्ड म्हणतो, ते अमेरिकेत धंदा म्हणून उभं केलं ओले एव्हिनरूड यांनी, १९०९ मध्ये. जन्माने ते नॉर्वेचे. पण कारखान्याचं ऑफिस, पत्रव्यवहार आणि जाहिराती त्यांची बायको बेस सांभाळायची. वल्ही टाकून द्या आणि मोटर लावा, असं लोकांना सांगणारी जाहिरात तिने लिहिली. इंजिन नवऱ्याने घडवलं आणि गिऱ्हाइकापर्यंत तिने नेलं.

आता सातासमुद्रापलीकडून आपल्या घाटावर येऊ.

आंबोली चढून पुढे गेलं की बेळगाव. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान होतं. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथे आधी इंजिन नव्हतं. लोखंडी नांगर होते, कडबा कापायची यंत्रं होती. नांगर विकायला फार यातायात पडली, कारण लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. म्हणजे जर्मनीत गाडीचं जे झालं तेच इथे नांगराचं झालं. वस्तू चांगली असून भागत नाही, तिच्यावर विश्वास बसावा लागतो.

साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही नांगरापासून सुरुवात केली आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं. पुढे १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आले होते, त्यांच्या काळातलं हे काम. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही छोट्या-मोठ्या कारखान्यांतून ऑईल इंजिनं घडू लागली. फौंड्रीत ओतकाम करायचं, लेथवर घासायचं, जोडायचं आणि बैलगाडीत घालून गावाला पाठवायचं.

या इंजिनांच्या डोळ्यांसमोर होता शेतकरी. त्याची विहीर, त्याचा ऊस. म्हणून ती जड, संथ आणि दणकट होती. हँडल फिरवून सुरू करायला दंडात जोर लागायचा. बाईने ते सुरू करावं असं कोणाच्या मनातही नव्हतं. तरी त्याच इंजिनाने बाईचं सगळ्यात मोठं ओझं उचललं. पट्टा लावून त्यावर पिठाची गिरण चालू लागली, भाताची गिरण चालू लागली. वायनात मुसळाने भात कांडणाऱ्या आणि पहाटे जात्याला बसणाऱ्या बायकांच्या दिवसातले तास मोकळे झाले. गिरणीच्या पुक-पुक आवाजावरून गावाला कळायचं की आज दळण मिळेल. आणि ज्या बाया दुसऱ्यांचा भात कांडून दोन पायल्या मिळवायच्या, त्यांची ती कमाई त्याच आवाजात बंद झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही सांगायला हव्यात. तास मोकळे झाले बहुतेक सगळ्यांचे, पण गिरणीचा मालक बहुधा पुरुषच होता.

याच किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' हे मासिक निघालं. नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारात बायकांसाठी मासिक छापलं जावं, हा आपल्या मराठी उद्योगाच्या इतिहासातला मोठा छान योग. आज आपण हातात धरतो त्या प्रत्येक महिला मासिकाची ती थोरली बहीण.

आता रस्त्यावर येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या. पुढे तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आपल्या कितीतरी घरांतल्या माणसांनी चालवली, तिच्यावर गावाकडे मनीऑर्डरी आल्या. ती गाडी २००० पर्यंत बनत होती.

आणि टेम्पो. आपण कुठल्याही छोट्या मालवाहू गाडीला टेम्पो म्हणतो, पण टेम्पो हे मुळात जर्मनीच्या हॅम्बर्गमधल्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. नगरच्या फिरोदिया कुटुंबातल्या नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली आणि त्या कंपनीच्या तीनचाकी गाड्या इथे बनू लागल्या. गाडी इतकी पसरली की कंपनीचं नाव गाडीच्या जातीचंच नाव होऊन बसलं. मासळीची पाटी डोक्यावरून उतरून आधी टेम्पोच्या हौद्यात गेली. एसटीत पाटीला जागा मिळाली तर मिळाली, टेम्पोत मात्र बाई आणि पाटी दोघी एकत्र बसू शकल्या.

दुचाकीची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या पिआजो कंपनीचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. १९४६ मध्ये त्या कंपनीने व्हेस्पा ही स्कूटर आणली. ती आखणारे कोर्रादिनो दास्कानियो विमानाचे इंजिनिअर. त्यांना मोटारसायकल आवडत नसे. टांग टाकावी लागते, कपड्यांना तेल लागतं. म्हणून त्यांनी इंजिन मागच्या चाकाशी झाकून ठेवलं आणि पुढे पाय ठेवायला मोकळी जागा सोडली. झगा घातलेली बाई बसू शकेल अशी गाडी. साडीवालीलाही ती चालली असती. बजाजने पिआजोशी करार करून १९६० च्या सुमारास हीच स्कूटर आपल्याकडे बनवायला घेतली, आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक निघाली. पण तेव्हा सरकार ठरवून देईल तितक्याच गाड्या बनवायच्या. नंबर लावून लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबायचे. इतकी थांबून मिळालेली गाडी घरातल्या बाईच्या हातात कोण देणार? झग्यासाठी आखलेली गाडी आपल्याकडे पुरुषाची झाली, आणि बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसली.

ही घडी मोडली ती एका फारच लहान इंजिनाने. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक कंपनीने लूना आणली. कंपनी हस्तीमल फिरोदियांची, म्हणजे त्याच फिरोदिया घराण्याची. लूनाचं इंजिन पन्नास सीसीचं. सीसी म्हणजे सिलिंडरची आतली जागा, आणि एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. मुलांच्या खोकल्याच्या औषधाची लहान बाटली साठ मिलिलिटरची असते, लूनाचं सिलिंडर त्याहूनही लहान. वजन कमी, गिअर नाही, सायकलसारखं पेडल. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी यायचं. किक मारायला जोर लागत नाही, आणि पडली तर एकटी बाई उचलू शकते. या शेवटच्या गोष्टीवर मी थोडी थांबते, कारण गाडी शिकताना आपली खरी भीती पडण्याची नसते. पडल्यावर गाडी उचलायला कुणाला तरी हाक मारावी लागेल, ही ती भीती असते.

शिक्षिका, नर्स, पोस्टातल्या बाया लूनावर दिसू लागल्या. कायद्यातही पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन सोळाव्या वर्षी मिळू शकतं, त्यामुळे मुली कॉलेजला गाडीवर जाऊ लागल्या. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक आणि जपानच्या होंडाने मिळून बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आणली. बटण ही तशी छोटीशी गोष्ट. पण किक मारताना साडी अडकते, चप्पल निसटते, चार माणसं बघतात. बटणाने ते सगळं संपवलं.

या सगळ्या गाड्या टू स्ट्रोक होत्या. मघाशी सांगितलेल्या चार खेपा त्या दोनच खेपांत उरकायच्या. त्यामुळे इंजिन हलकं आणि स्वस्त. पण घाईचं काम ते घाईचंच. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागायचं, आणि थोडं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जायचं. निळा धूर, काळा झालेला प्लग आणि कमी अॅव्हरेज. १९८५ मध्ये हिरो होंडाने शंभर सीसीची फोर स्ट्रोक मोटारसायकल आणली, तेव्हा एका लिटरमध्ये गाडी किती लांब जाऊ शकते हे लोकांना कळलं. २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि टू स्ट्रोक गाड्या मागे पडल्या. २००१ मध्ये होंडाची अॅक्टिव्हा आली, फोर स्ट्रोक, बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी. आज मालवणच्या बाजारात उभ्या असलेल्या स्कूटर मोजा. लूनाने उघडलेलं दार आता चौकटीसकट रुंद झालेलं दिसेल.

आता जिथे आपलं पोट आहे तिथे, समुद्रात जाऊ.

भारताच्या किनाऱ्यावर होड्यांना इंजिन बसवण्याचा मोठा प्रयोग १९५३ पासून केरळात नॉर्वेच्या मदतीने झाला. मग किनाऱ्याकिनाऱ्याने ते पसरलं. आपल्याकडेही वल्हं आणि शीड मागे पडलं. वाऱ्याची वाट बघणं संपलं, वादळाची चाहूल लागली तर लवकर परत येता येऊ लागलं. ज्या घरातला माणूस पाण्यावर आहे त्या घरातल्या बाईला याची किंमत विचारा.

पण समुद्रातल्या इंजिनाने हिशेब बदलला. रापणीत दोरीला हात लावणाऱ्याला वाटा, ही आपली जुनी रीत. इंजिनाच्या होडीत आधी डिझेल वजा होतं, बर्फ वजा होतो, मग होडी, इंजिन आणि जाळ्याचा वाटा निघतो, आणि उरलेलं माणसांत वाटलं जातं. म्हणजे इंजिनही एक वाटेकरी झालं. ते आजारी पडलं तरी त्याचा खर्च, मासे मिळाले नाहीत तरी त्याचं डिझेल. होडीवरची श्रीमंती-गरिबीही सिलिंडरात मोजली जाऊ लागली. एक-दोन सिलिंडरची होडी, चार सिलिंडरची, सहा सिलिंडरची. जास्त सिलिंडर म्हणजे जास्त ताकद, मोठं जाळं, लांबची मजल. सहा सिलिंडरचं इंजिन जे एका फेरीत ओढून नेतं, त्याच्या मागे राहिलेल्या पाण्यात रापणवाल्याने काय ओढायचं? मालवणच्या किनाऱ्यावर ट्रॉलर, पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला झगडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. १९८१ च्या राज्याच्या कायद्याने किनाऱ्याजवळचं पाणी राखण्याची सोय केली, २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले. पावसाळ्यातल्या बंदीच्या काळातही कायदा बिनइंजिनाची होडी आणि इंजिनाची होडी यांत फरक करतो. इंजिनाच्या ताकदीला कुठेतरी कुंपण लागतं, हे कायद्यानेही मान्य केलंय.

बाईच्या बाजूने बघितलं तर आणखी एक गोष्ट. होडी छोटी होती तेव्हा मासे घरच्या बाईच्या पाटीत यायचे. मोठ्या इंजिनाची मासळी बंदरावर लिलावात जाते. तिथे रोकड लागते. ज्या बाईचा नवरा त्याच होडीवर खलाशी आहे, तिलाही बोली लावूनच मासे घ्यावे लागतात. इंजिनाने मासळी वाढवली, पण तिच्यावरचा बाईचा पहिला हात सैल केला. म्हणून बचत गटाचे पैसे, बर्फाची पेटी, स्वतःची दुचाकी या गोष्टी चैनीच्या नाहीत. लिलावात उभं राहायचं तर त्या लागतात.

आता शेवटचा प्रश्न. इंजिन घडवणाऱ्यांत बायका कुठे होत्या?

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६७ मध्ये लीला पूनावाला मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या, तिथून ही पदवी घेणारी पहिली मुलगी. फाळणीनंतर पुण्यात आलेल्या कुटुंबातल्या. त्यांनी कामाला सुरुवात केली ती रस्टन अँड हॉर्न्सबी या इंजिन बनवणाऱ्या कंपनीत. पुढे त्या दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या प्रमुख झाल्या. १९७४ मध्ये टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा मूर्तींनी सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि विचारलं, हे कसं? त्यांना मुलाखतीला बोलावलं गेलं आणि नोकरी मिळाली. एका पोस्टकार्डाने कारखान्याचं फाटक उघडलं.

आणि एक गोष्ट आपल्या कोकणाच्या अभिमानाची. महर्षी कर्वे मूळचे दापोलीकडचे. विधवा बायकांसाठी त्यांनी १८९६ मध्ये पुण्यात संस्था सुरू केली आणि पुढे हिंगण्याला आश्रम उभा केला. त्याच भागात, कोथरूडला, १९६२ मध्ये किर्लोस्कर आणि अमेरिकेच्या कमिन्स यांनी मिळून डिझेल इंजिनची कंपनी सुरू केली. आणि १९९१ मध्ये कर्व्यांच्या संस्थेने कमिन्सच्या मदतीने तिथे मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. ज्या माळावर एकेकाळी केशवपन केलेल्या मुली अक्षर गिरवायला आल्या, तिथे आज मुली यंत्रांची चित्रं काढायला शिकतात. आपल्या जिल्ह्यातली एखादी मुलगी बारावीला गणितात हुशार असेल तर तिच्या आईला हे जरूर सांगा.

आजची गोष्ट थोडक्यात. एप्रिल २०२० पासून नवे धुराचे नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोल मोजून सोडणारा छोटा संगणक आला. गाडी स्वच्छ झाली, पण नाक्यावरच्या मेस्त्रीचा स्क्रू ड्रायव्हर पुरेनासा झाला, त्याला स्कॅनर लागतो. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत लूना परत आली, विजेवरची. ती आणली सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांनी, लूनाच्या त्याच घराण्यातल्या. पन्नास वर्षांपूर्वी जी गाडी बाईला डोळ्यांसमोर ठेवून चालली, ती या वेळी बाईच्याच हातून आली. विजेच्या गाडीत पिस्टन नाही, ठिणगी नाही, धूर नाही. उद्या होडीलाही तशी मोटर लागेल.

पण इंधन बदललं तरी आपला प्रश्न तोच राहतो. हे यंत्र कोणासाठी? त्याचं उत्तर थोडंफार आपल्याही हातात आहे. गाडी घ्याल तेव्हा दुकानात त्यावर बसून बघा, दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, स्टँडवर एकटीला लावता येते का. आरसी बुकात नाव कोणाचं आहे ते बघा. हप्ता तुमच्या मासळीतून, तुमच्या काजूतून जात असेल तर नाव तुमचं असायला काय हरकत आहे? लायसन काढा, विमा चालू ठेवा. ऑईल कधी बदलायचं ते मेस्त्रीला विचारा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. होडीच्या इंजिनासाठी कर्ज घेताना सहीपुरतं बोलावलं तर कागद घरी आणून वाचून घ्या, कारण तो वाटेकरी तुमच्या घरात येतोय.

बर्था बेंझने नवऱ्याची गाडी न विचारता बाहेर काढली, म्हणून जगाचा त्या गाडीवर विश्वास बसला. तुमची गाडी तुमचीच आहे. विचारायचं कोणाला?